आमच्या घरात आम्हीच 'सर्व्हर'!

दिवाळीला गावी गेलं, की आयटीत नोकरी करणाऱ्यांना फराळाआधी काय मिळतं? कामांची यादी! काकांचा मोबाइल स्लो झालेला असतो, आत्याने कुठलं तरी भलतंच बटण दाबून ठेवलेलं असतं आणि शेजारच्यांचा प्रिंटर गणपतीपासून रुसलेला असतो. 'तू कम्प्युटरमधलाच ना रे?' या प्रश्नाला उत्तर नसतं. आपण कोडिंग करतो, प्रिंटर दुरुस्त करत नाही, हे समजावून सांगण्यापेक्षा प्रिंटर दुरुस्त करणं सोपं जातं, हा माझा अनुभव आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी पुण्याहून चंद्रपूरला पोचलो, तेव्हा मात्र यादीत एकच काम होतं. बाबांनी रुमालात गुंडाळलेली एक्स्टर्नल हार्ड डिस्क माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "लावली का टिकटिक करून राहते. उघडतच नाही."

मंडळी, घड्याळाची टिकटिक वेगळी आणि हार्ड डिस्कची टिकटिक वेगळी. दुसरी ऐकली, की समजावं, आत काही तरी कायमचं बिघडलंय.

आता त्या डिस्कमध्ये काय होतं ते सांगतो. बाबा जिल्हा परिषदेचे शिक्षक. सगळी नोकरी गडचिरोली जिल्ह्यात, बरीचशी धानोरा तालुक्यात. त्यांचा छंद एकच, झाडीपट्टीची नाटकं. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगायला हवं, की आमच्याकडे धानाची कापणी उरकली, की गावोगावी रात्र-रात्रभर नाटकं चालतात. मंडळांचं बुकिंग वडशाला होतं आणि कलाकार हिवाळाभर या गावाहून त्या गावाला फिरत असतात. गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीसाठी. माझे भाऊमामा, म्हणजे आईचे थोरले भाऊ, अशा नाटकांमधून काम करायचे. बाबा स्टेजजवळ टेपरेकॉर्डर घेऊन बसायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी दोन हिवाळे खर्ची घालून त्या सगळ्या कॅसेट कम्प्युटरवर उतरवून घेतल्या आणि बुरशी लागलेल्या कॅसेट फेकून दिल्या. फाइल झाल्या होत्या ना आता!

भाऊमामा त्याआधीच गेले होते. आणि फाइल होत्या फक्त त्या एका डिस्कवर.

डिस्क दुरुस्त झाली नाही. नशिबाने ताईच्या जुन्या मोबाइलच्या मेमरी कार्डात अकरा फाइल सापडल्या. बाबांनी कधी तरी तिला ऐकायला दिल्या होत्या. त्यातल्या एकीत भाऊमामांचा आवाज होता, मागे हार्मोनियम आणि प्रेक्षकांतल्या कुणाचा तरी खोकला. बाबांनी ती फाइल दोनदा ऐकली आणि उठून अंगणात गेले.

त्या रात्री मी ठरवलं. घरात आपला स्वतःचा सर्व्हर हवा!

भाड्याचं घर, मालकीचं घर

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? टाका सगळं क्लाउडवर आणि व्हा मोकळे. खरंय. मीही फोटो क्लाउडवर ठेवतोच. पण क्लाउड म्हणजे काय, तर दुसऱ्याचा कम्प्युटर. आपण तिथे भाडेकरू. घरमालक चांगला असू शकतो, पण नियम त्याचेच चालणार. गूगल फोटोजमध्ये अनलिमिटेड फोटो फुकट ठेवता यायचे, ते १ जून २०२१ पासून बंद झालं. ऑर्कुट आठवतं? स्क्रॅपबुकात काय काय लिहिलं होतं आपण! ३० सप्टेंबर २०१४ ला दुकान बंद. यात कुणी कुणाला फसवलं नाही. त्यांचा धंदा होता, त्यांनी बदलला. आपल्या आठवणी मात्र त्या धंद्याच्या वेळापत्रकावर अवलंबून राहिल्या.

होम सर्व्हर म्हटलं, की डोळ्यांपुढे लुकलुकणाऱ्या दिव्यांचं कपाट येतं. तसलं काही नाही. सतत चालू राहणारा एक साधा कम्प्युटर, त्याला जोडलेली डिस्क आणि घरातल्या मोबाइल-टीव्हीशी बोलणारी काही सॉफ्टवेअर्स, एवढंच. आणि या सगळ्याच्या खाली लागते ऑपरेटिंग सिस्टीम. ती ओपन सोर्सच हवी, यात मला शंका नव्हती. फुकट मिळते म्हणून नाही. मराठीत 'फुकट' आणि 'मुक्त' हे दोन वेगळे शब्द आहेत, हे आपलं भाग्य. मुक्त म्हणजे तिचा कोड कुणालाही बघता येतो, बदलता येतो, वाटता येतो. बनवणारी कंपनी उद्या उठून गेली, तरी कुणी तरी ती पुढे चालवू शकतं.

प्रश्न एवढाच, की यातली कुठली?

माझी हिरोगिरी

इथे मी पहिली चूक केली. घरात पडून असलेला जुना डेस्कटॉप घेतला आणि त्यावर एक सॉलिड 'हटके' लिनक्स टाकलं. नाव घेत नाही, कारण दोष त्याचा नव्हता. रोज ताजी अपडेट्स देणारं, सगळं हाताने बांधायला लावणारं असं ते डिस्ट्रो होतं. ऑफिसात चहाच्या टेबलावर सांगायला एकदम भारी! दोन दिवसांत सगळं उभं केलं, बाबांना 'बघा' म्हणालो आणि पुण्याला परतलो.

तीन महिन्यांनी अपडेट झालं आणि मशीन उठेना. काळ्या स्क्रीनवर पांढरा कर्सर लुकलुकत राहिला. मी मीटिंगमधून बाहेर येऊन फोनवर बाबांना एकेक अक्षर सांगतोय, बाबा चष्मा सावरत टाइप करताहेत. "डॅश म्हणजे मधातली का खालची रे?" पावणेदोन तास हेच चाललं होतं. शेवटी ते अगदी शांतपणे म्हणाले, "तू पुण्याले राहतं. याले इथं कोण पाहीन?"

एवढ्याशा प्रश्नापुढे माझी सगळी हुशारी गार! मी फीचर्स मोजले होते, स्पीड मोजला होता, स्टाइलही मोजली होती. मी नसताना हे कोण सांभाळणार, हा पहिला प्रश्न मला सुचलाच नव्हता.

मेंढ्याचा धडा

पुढच्या सुट्टीत विषय निघाला, तेव्हा बाबा म्हणाले, "मेंढ्याचे लोक कसे ठरवतात, तसं ठरवू."

मेंढा-लेखा हे धानोरा तालुक्यातलं जेमतेम पाचशे वस्तीचं गोंड गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा या गावाची. वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरचा हक्क त्यांना मिळाला. पण बांबू विकायला वाहतुकीचा परवाना लागतो आणि तो द्यायचा कुणी, यावर घोडं अडलं. २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

बाबांना मात्र यातला वेगळाच भाग महत्त्वाचा वाटतो. या गावात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. आणि निर्णयाआधी बसतो 'अभ्यास गट'. विषयाची माहिती असलेले बाहेरचे लोकही त्यात येऊन बोलतात, पण ठरवते ग्रामसभा. "अभ्यास कोणाच्याही संगं कर, निर्णय मात्र ज्याले भोगायचा आहे त्यानंच घ्यायचा," इति बाबा. त्यांनी पुढे हेही सांगितलं, की हक्काचा कागद आल्यावर काम संपत नाही, सुरू होतं. राखण आली, तोडीचे नियम आले, पैशाचा हिशेब आला.

झालं! आमच्या घरात अभ्यास गट बसला. बाबा, मी, गडचिरोलीहून आलेली ताई आणि पॉलिटेक्निकमध्ये शिकणारा भाचा. मी बाहेरचा तज्ज्ञ. माझं काम माहिती द्यायची आणि गप्प बसायचं. चिवडा मध्ये ठेवला आणि उमेदवार एकेक करून पुढे आले.

पहिला उबुंटू. कॉलेजातला सगळ्यांचा लाडका मित्र असतो ना, तसा. २००४ मध्ये आला. त्याच्या सीडी पोस्टाने घरी फुकट यायच्या, ते २०११ पर्यंत चाललं. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांचं पहिलं लिनक्स हेच. दर दोन वर्षांनी येणाऱ्या त्याच्या 'एलटीएस' आवृत्तीला पाच वर्षं मोफत अपडेट्स मिळतात. अडलं तर मदत भरपूर. मागे एक कंपनी आहे, ही जमेची बाजूही आणि विचार करण्याची बाजूही.

विचार करण्याची का, ते सेंटओएसच्या गोष्टीत आहे. सर्व्हरच्या दुनियेतला हा भरवशाचा गडी. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत अपडेट्स मिळणार, असं धरून जगभरच्या लोकांनी ते बसवलं. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं, की ते २०२१ च्या अखेरीस बंद होणार. आठ वर्षं एका झटक्यात गेली. पण ओपन सोर्सची गंमत बघा. कोड मुक्त होता, म्हणून २०२१ मध्येच अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स हे दोन वारस उभे राहिले. ऑर्कुटला असा वारस मिळाला नव्हता!

मग ट्रूनॅस. जिममध्ये कमावलेला गडी. फ्रीनॅस या नावाने २००५ मध्ये सुरू झालेला, डिस्क सांभाळण्यातच स्पेशलायझेशन केलेला. त्याच्याकडे झेडएफएस नावाची फाइल सिस्टीम आहे. ती प्रत्येक तुकड्याची खूणगाठ ठेवते आणि डिस्कने गुपचूप एखादी फाइल खराब केली, तर ओळखते. पण गड्याचा खुराक मोठा. कमीत कमी ८ जीबी रॅम लागते.

ओपनमीडियाव्हॉल्ट हा त्याचा हलका भाऊ. डेबियनवर बांधलेला आणि ब्राउझरमधून चालवता येणारा. शिवाय आपल्या सी-डॅकचं 'बॉस' लिनक्सही होतं. २००७ मध्ये आलेलं, तेही डेबियनवरच बांधलेलं. पण त्याचा भर सर्व्हरपेक्षा ऑफिसच्या डेस्कटॉपवर जास्त.

इतक्यात ताई म्हणाली, "अरे राजा, सगळे डेबियनवरच उभे आहेत, तर मग डेबियनच काहून नाही?"

भोळा वाटणारा प्रश्न, पण नेमका! उबुंटूसुद्धा डेबियनवरच उभं आहे. १९९३ मध्ये इअन मर्डॉकने ते सुरू केलं. मैत्रिणीचं नाव डेब्रा, त्याचं इअन, म्हणून डेबियन. (रोमॅन्टिक फण्डा!) त्याला मालक नाही. जगभरचे स्वयंसेवक ते चालवतात, त्यांची लिखित घटना आहे आणि प्रकल्पप्रमुख दरवर्षी निवडला जातो. ते मतदान करतात, मेंढ्यासारखी सर्वसहमती नाही, हा फरक बाबांनी लगेच नोंदवला. 'स्टेबल' आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते आणि ती पाचेक वर्षं चालवता येते. मधल्या काळात येतात त्या बहुतेक सुरक्षेच्या दुरुस्त्या, आणि त्या आपोआप बसतील अशी सोय करता येते. नवीन चकचकीत काही नाही, एकदम बोअरिंग. फॅशन म्हणून बघाल तर कॉटनचा पांढरा शर्ट!

आणि २००९ च्या पाचव्या आवृत्तीपासून त्याचा इन्स्टॉलर मराठीतही आहे. हे ऐकून बाबा सरसावून बसले.

एक जण नाही म्हणाला, तर?

भाचा अडून बसला. "मामाजी, फाइल आतल्या आत खराब झाली तर कळणार कसं? झेडएफएसच पाहिजे." बहुमत असतं, तर तीन विरुद्ध एक असं करून आम्ही जेवायला उठलो असतो. पण नियम सर्वसहमतीचा! जेवण लांबलं, आणि बरं झालं, कारण त्याचा मुद्दा खरा होता. शेवटी मार्ग निघाला तो असा. प्रत्येक फाइलची एक खूणगाठ काढून यादी करायची आणि दर महिन्याला यादीशी ताडून बघायची. डेबियनमध्ये त्यासाठी लागणारी आज्ञा असतेच. जमेना, तर चांगली प्रत बॅकअपवरून आणायची. काम भाच्याने स्वतःकडे घेतलं. मग म्हणाला, "चालतंय." आमचं डेबियन ठरलं.

तुमच्या घरी कदाचित ट्रूनॅस ठरेल, कदाचित उबुंटू. त्यात चूक काही नाही. घरात रोज हात लावणारी, थोडं वाचायची तयारी असलेली व्यक्ती असेल आणि मशीन दमदार असेल, तर ट्रूनॅस जरूर घ्या. पण आधी नाव लिहा, सांभाळणार कोण? ते नाव पुण्यात किंवा बेंगळुरूत राहणारं असेल, तर पुन्हा विचार करा.

चंद्रपूरचा उन्हाळा आणि इतर पाहुणे

सॉफ्टवेअर ठरलं, म्हणजे गंगेत घोडं न्हालं असं समजू नका. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणं ही बातमी नसते. घरातल्या डिस्क साधारण ६० अंशांपर्यंत चालायच्या बेताने बनवलेल्या असतात. खोलीच ४२ वर असेल आणि डिस्क स्वतः तापत असेल, तर मधलं अंतर फार उरत नाही. म्हणून सर्व्हर गेला घरातल्या सगळ्यात आतल्या, पश्चिमेचं ऊन न लागणाऱ्या खोलीत, जमिनीलगत. कूलरसमोर ठेवावा, असं ताईचं मत होतं. पण कूलरची हवा ओली असते, ती इलेक्ट्रॉनिक्सला मानवत नाही. डिस्कचं तापमान वाचणारं छोटं सॉफ्टवेअर डेबियनवर बसतं. आकडा ५० च्या वर गेला, की भाच्याच्या फोनवर मेसेज येतो.

दुसरा पाहुणा म्हणजे वीज. गावाच्या उशाशी २,९२० मेगावॉटचं वीज केंद्र आहे, तरी वादळी पावसात लाइट जायचे ते जातातच. घरच्या इन्व्हर्टरला 'यूपीएस मोड'चं बटण असेल, तर ते चालू ठेवा. नाही तर बॅटरीवर जाताना मधल्या क्षणभराच्या खंडात कम्प्युटर बंद पडतो. त्याहून चांगलं म्हणजे केबलने कम्प्युटरला जोडता येणारा छोटा यूपीएस. 'नट' नावाचं सॉफ्टवेअर त्याच्याशी बोलतं आणि बॅटरी संपत आली, की सर्व्हर व्यवस्थित बंद करतं. वीज आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हावं, याची सेटिंग बायॉसमध्ये असते. ती विसरू नका, नाही तर पुन्हा फोनवर पावणेदोन तास!

जुना लॅपटॉप सर्व्हर म्हणून वापरा, त्यात बॅटरी आयतीच असते, असा सल्ला मिळेल. थंड गावात ठीक आहे. आमच्याकडच्या उकाड्यात रात्रंदिवस चार्जिंगला असलेली जुनी बॅटरी फुगण्याची भीती. आम्ही तो नाद सोडला.

आणि जुना डेस्कटॉपही सोडला. भाच्याने हिशेब मांडला, की ६० वॉट खाणारं मशीन वर्षभर चालू ठेवलं, तर सव्वापाचशे युनिट होतात. १० वॉटचा छोटा पीसी वर्षाला ९० युनिटांत भागवतो. गुणाकार तुमच्या बिलावरच्या दराने करा. आम्ही ८ जीबी रॅमचा जुना छोटा ऑफिस पीसी घेतला. एक सावधगिरी सांगतो. कपाटावरचं फारच जुनं, ३२-बिटवालं मशीन काढणार असाल, तर ऑगस्ट २०२५ मध्ये आलेलं डेबियन १३ त्यावर इन्स्टॉल होणार नाही. उलट १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपल्यामुळे जी ठीकठाक मशीन्स अडगळीत गेली, ती या कामाला एकदम फिट.

सेवा मोजक्याच ठेवल्या. फाइलसाठी साम्बा, टीव्हीवर ऐकण्या-बघण्यासाठी जेलीफिन, मोबाइलमधल्या फोटोंसाठी इम्मिच. सुरुवातीला वीस गोष्टी टाकायचा मोह होतो. आवरा! जेवढ्या सेवा, तेवढी दुखणी. इंटरनेटवरून थेट आत येण्याचा दरवाजाही आम्ही उघडला नाही. मला पुण्याहून डोकवायचं असलं, तर वायरगार्डच्या खासगी बोगद्यातूनच.

लाडूच्या डब्याशेजारची डिस्क

आता सगळ्यात महत्त्वाचं. सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे! दोन डिस्क एकमेकींची नक्कल करत बसल्या, म्हणूनही नव्हे. चुकून फाइल पुसली, तर दोन्हींवरून पुसली जाते. वीज पडली, तर दोन्हींवर पडते. जुना नियम आहे, तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात. इम्मिच बनवणारेसुद्धा बजावतात, की एकट्या आमच्यावर विसंबू नका.

दुसरं गाव आमच्याकडे आयतंच आहे. नेटवरून सगळं पाठवायचं, तर रस्त्याच्या कामात केबल तुटली, की चार-चार दिवस थांबा. म्हणून आम्ही दोन पोर्टेबल डिस्क घेतल्या. एक चंद्रपूरला, एक गडचिरोलीला. ताई महिन्या-दोन महिन्यांनी मूलमार्गे बसने येते, तेव्हा डिस्कची अदलाबदल होते. येताना पिशवीत डिस्क, जाताना लाडूच्या डब्याशेजारी दुसरी डिस्क. एसटीचा स्पीड कमी असेल, पण अख्ख्या डिस्कचा डेटा तीन तासांच्या आत पोचतो. आमच्या ब्रॉडबॅण्डला हे जमलेलं नाही. तिसरी प्रत माझ्याकडे पुण्याला.

आणि बाबांची वही. शाळेचं लांबट हजेरीबुक असतं ना, तसलं. पहिल्या पानावर पासवर्ड कुठे ठेवलाय ते, दुसऱ्यावर बंद कसा करायचा, तिसऱ्यावर चालू कसा करायचा. पुढे तारीखवार नोंदी. इन्स्टॉल करताना मी कीबोर्डला हात लावला नाही. बाबांनी मराठीत वाचत, काही जड शब्दांना नाकं मुरडत, स्वतः केलं. आणि महिन्याभराने मी मुद्दाम एक फाइल पुसून सांगितलं, "आता आणा परत." वहीत बघून त्यांनी बॅकअपवरून ती आणली. वीस मिनिटं लागली. माझ्या दृष्टीने सर्व्हर त्या दिवशी सुरू झाला.

गेलेल्या फाइल परत आल्या नाहीत, येणारही नाहीत. बाबा आता जुन्या ओळखीच्या कलाकारांकडे जातात, कुणाच्या पेटीत उरलेल्या कॅसेट मागून आणतात आणि उतरवून घेतात. या वेळी कॅसेट फेकत नाहीत. अकराच्या सत्तेचाळीस झाल्या आहेत. त्यातल्या दोनांत भाऊमामा आहेत.

गेल्या मे महिन्यात दुपारी बाबांचा फोन आला. मी मीटिंगमध्ये होतो, धडधडत्या छातीने बाहेर आलो. म्हणाले, "वादळ आलं होतं. दोन तास लाइन नव्हती. आपला सर्व्हर बंद झाला अन् मंग आपोआप चालूही झाला. वहीत लिवलं. तुले सांगून ठेवलं फक्त."

मी म्हणालो, "मग मी काय करू?"

"काही नाही. तू आपलं काम कर."

तेव्हा मंडळी, या दिवाळीला घरी जाल, तेव्हा प्रिंटर बघायच्या आधी एक प्रश्न विचारा. आपल्या घरातली अशी कुठली गोष्ट आहे, जी फक्त एकाच डिस्कवर आहे? उत्तर मिळालं, की पहिल्याच दिवशी तिची दुसरी प्रत करा. ऑपरेटिंग सिस्टीमचा वाद नंतर, चिवडा मध्ये ठेवून, सगळ्यांनी मिळून घाला.